पालथं ताट

दूध करपलं तेव्हा मी शेगडीपासून दोन हातांवर बसले होते. पाठ शेगडीकडे, पुढ्यात सूप, सुपात शाळू ज्वारी. खडे वेचत होते. मी जागी होते हे पक्कं सांगता येतं, कारण खाली भंगारवाल्यानं दिलेली हाक मला ऐकू आली होती आणि वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली तेही. मग दारात किल्ली फिरली आणि चंद्रिका, माझी सून, चप्पल न काढताच आत धावली.

‘अत्ती, अहो, जिन्यात खालपर्यंत वास येतोय! काय जळतंय?’

तिनं गॅस बंद केला, खिडकी उघडली, पंखा लावला. पातेल्यात दूध नव्हतंच, काळा पापुद्रा होता. तिनं पदर नाकाला लावला. मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं पदर नाकाला लावलाय हे मला दिसत होतं. त्यापलीकडे काहीच नव्हतं.

‘तुम्हाला वास नाही आला?’

‘डोळा लागला होता गं.’

तिनं सुपाकडे पाहिलं. सुपाच्या कडेला वेचलेल्या खड्यांचा लहानसा ढीग होता. झोपेत कुणी खडे वेचत नाही.  पण चंद्रिका असं कधी बोलून दाखवत नाही. युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर बसून आलेली बाई. तिनं पातेलं मोरीत ठेवलं, वर नळ सोडला आणि ती कपडे बदलायला गेली. जाताना एकदा वळून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला नवं नव्हतं. गेली दोनेक वर्षं ती मधूनच असं बघते. मी त्याला दमणूक म्हणत आले.

ती आत गेल्यावर मी उठले. डब्यातला हिंग काढून नाकाशी धरला. हिंग म्हणजे पिवळी पूड होती. शेंगाचटणीची बरणी उघडली, त्यातला लसूण मीच कुटलेला होता. काही नाही. देव्हाऱ्यातला कापूर हातावर चोळला, तो डोळ्यांना झोंबला, नाकात गार काहीतरी शिरलं, पण त्या गारव्याला नाव नव्हतं. भिंतीला कान लावावा आणि पलीकडे घरच नसावं, तसं वाटलं. मी पलंगावर बसले. खिडकीतून वारा येत होता आणि त्याला कसलाच वास नव्हता, नुसतं अंगाला लागणं होतं. आणि मला वाटलं, हे आज झालेलं नाही. हे केव्हाच झालंय. टाळेबंदीच्या साली मला ताप आला, तेव्हा वास गेला होता, सगळ्यांचाच जात होता. मग एके दिवशी चहाचा कप समोर आला आणि मी म्हटलं, आला बाई वास. सगळ्यांना बरं वाटलं. पण कप समोर आला की चहाचा वास मीच तयार करत असले तर? सत्तर वर्षं चहा प्यायलेल्या बाईला चहा हुंगावा लागतो कशाला. डोळ्यांनी बघितलं की आठवण धावत येऊन नाकात बसते. दुधाकडे माझी पाठ होती, म्हणून आठवण आली नाही. एवढंच झालं.

दुसऱ्या कुणा बाईचं असं झालं असतं तर मी म्हटलं असतं, वय झालं. पण माझं नाक म्हणजे साधं नाक नव्हतं. गिरणीच्या चाळीत एके काळी माझ्या नाकाला दीडशे उंबऱ्यांतली माणसं भीत होती.

हे फार जुनं आहे. महेश्वर, माझा मुलगा, तेव्हा पाटी-पेन्सिलच्या वयाचा होता. चाळीतल्या नागव्वाचा नवरा हातभट्टी पिऊन आला, घराच्या पायरीपाशी निजला आणि सकाळी उठलाच नाही. त्याचं दिवसकार्य झालं त्या संध्याकाळी आम्ही बायका पाण्याच्या टाकीपाशी बसलो होतो. कुणी म्हणालं, भट्टी फोडू. कुणी म्हणालं, मोर्चा काढू.  फुलाबाई सांगोल्याकडची, मेंढरामागं वाढलेली. तिचा नवरा बिरप्पा गिरणीच्या गोदामात गाठी उचलायचा. ती म्हणाली, ‘भट्टी आज फोडली तर उद्या दुसरीकडं लागंल. किती फोडचाल? माणूस तर रोज घरलाच येतोय की. त्येला येताना धरा.’

‘धरून काय करायचं?’

‘वास घ्यायचा. मेंढरू आजारी हाय का न्हाय ते आमी तोंडाच्या वासावरनंच वळखतो. माणूस काय लई येगळा हाय व्हय?’

सगळ्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा चाळीच्या तोंडाशी आम्ही उभ्या होतो. आता प्रश्न आला की वास घ्यायचा कुणी. चाळीतल्या निम्म्या बायका तेलुगू बोलणाऱ्या, दिवसभर विड्या वळणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘शिवक्का, आमचं नाक तंबाखूनं खाल्लं. आम्हाला काय कळायचं नाही.’ माझं काम भाकरीचं. कडक भाकऱ्या थापून मी दुकानात द्यायची. ज्वारीच्या पिठानं नाक खराब होत नाही. म्हणून मी आणि फुलाबाई, अशा दोघी ठरलो. आणि पहिल्याच दिवशी अडलं ते असं की माणसं तोंड मिटून, श्वास धरून, मान खाली घालून पुढून सरकायला लागली. मुका माणूस हुंगायचा कसा? तेव्हा नागव्वा मागून ओरडली, ‘त्यांना हर्र म्हणायला लावा! देवाचं नाव कोण टाळतोय बघू.’

सोलापुरात जन्मलेल्या माणसाला हे सांगायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते, नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात, बाराबंदी घातलेली माणसं रस्ताभर ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ म्हणत चालतात. तो ‘हर्र’ छातीतून येतो. तोंड उघडावं लागतं, जीभ टाळूला थरथरते, पोटातला वारा सगळा बाहेर पडतो. देवाचं नाव घ्यायचं नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकेक पुढं यायचा, माझ्या तोंडासमोर वाकायचा आणि म्हणायचा, हर्रर्र. मी डोळे मिटून घ्यायची. शिंदीला आंबलेल्या ताकाचा वास असतो, हातभट्टीला नासलेल्या गुळाचा, देशीला दवाखान्याचा. बडीशेप, लसूण, कच्चा कांदा, कडुलिंबाचा पाला, काय काय चावून यायचे! लपवलेला वास जास्त ओरडतो. कासम रिक्षावाला स्वतःहून रांगेत उभा राहायचा. ‘हमारे में तो वैसेच हराम है, खाला. फिर बी लेव. घर में बेगम को भरोसा नै.’ आम्ही हसून त्याला नुसतं ‘हा’ म्हणायला लावायचो. चाळीतली पोरंही शाळेतून येऊन रांगेत घुसायची. महेश्वरला त्याचा फार नाद. बापाच्या पाठोपाठ यायचा आणि पोरांचा खेळच म्हणून टाचा उंचावून माझ्या तोंडासमोर ‘हर्र’ करायचा. त्याच्या तोंडाला शेंगापोळीचा वास यायचा, आणि पाटीची पेन्सिल खाल्ल्याचा. मी म्हणायची, ‘जा, हातपाय धू.’ ते ‘जा’ म्हणजे सुटका. सगळ्यांना मी तेच म्हणायची.

ज्याला ‘जा’ मिळालं नाही, त्याला आम्ही मारलं नाही, शिवी दिली नाही. त्याच्या घराच्या उंबऱ्याबाहेर त्याचं ताट पालथं पडायचं. बस. ते ताट त्याच्या बायकोनं ठेवायचं, आणि त्या संध्याकाळी चाळीतल्या कुठल्याही घरानं त्याला भाकरी द्यायची नाही. येणारा-जाणारा ते ताट बघायचा. चाळीतल्या पोरांनासुद्धा त्याचा अर्थ ठाऊक होता. ती पळताना ताटाला वळसा घालून पळायची.

आणि एक नियम फुलाबाईनं पहिल्याच आठवड्यात घातला. ‘आपल्या दाल्ल्याचा, आपल्या पोराचा वास आपुन घ्यायचा न्हाय. घेतला तर मार आपल्यालाच बसतोय. आनि आपल्या माणसाचा वास खोटा येतोय, शिवम्मा. पिल्यालं असंल तरी दुधाचा येतोय.’ म्हणून बिरप्पा माझ्यासमोर उभा राहायचा आणि माझे यजमान, सिद्रामप्पा, फुलाबाईसमोर.

एकदा फुलाबाईनं त्यांना ‘जा’ म्हटलं नाही. मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं.  घरी येऊन मी त्यांचं ताट उंबऱ्याबाहेर पालथं घातलं. ते आले, ताटाकडे बघितलं आणि तिथंच पायरीवर बसले. बराच वेळ बसले. येणारे-जाणारे ‘काय सिद्रामप्पा’ एवढंही म्हणत नव्हते. मग त्यांनी स्वतःच ताट उचललं, टाकीवर नेऊन राखेनं घासलं, आत आणून फळीवर ठेवलं आणि पाणी पिऊन निजले. त्यानंतर ते कधीच प्यायले नाहीत असं मी म्हणणार नाही. पण चाळीत असेपर्यंत प्यायले नाहीत. त्या रात्री मीही जेवले नव्हते, हे त्यांना सकाळी कळलं तेव्हा एवढंच म्हणाले, ‘देवाचं नाव तुम्ही बायकांनी दारूला लावलंत.’ मला तेव्हा राग आला होता. पण पुढच्या संक्रांतीला नंदीध्वजामागून चालताना सगळा रस्ता ‘हर्र’ म्हणून गरजला आणि माझं नाक आपोआप पुढं झालं. हजार माणसांचा श्वास मी हुंगायला लागले. आमच्या चाळीतली माणसं तोंडावर हात ठेवून हसत होती. देव माझ्यापासून तेव्हाच जरा लांब सरकला असावा.

चांगले दिवस होते, हे मात्र कुणीही यावं आणि मला विचारावं. आजूबाजूच्या चाळींनी आमचं बघून सुरू केलं. पेपरात फोटो आला, त्यात फुलाबाईचा चेहरा पदराआड गेला आणि माझं नाक तेवढं मोठं दिसलं. लोक आमच्या चाळीत मुली द्यायला लागले. ‘तिथं वास घेतात’ म्हणायचे, आणि कुंडली न बघता पसंत करायचे. पगाराच्या दिवशी बायकांच्या तोंडावर जो उजेड असायचा तो मी नंतर कुठं पाहिला नाही.

मग गिरणी बंद पडली. आम्हाला आधी वाटलं, आता पैसेच नाहीत तर पितील कशानं. पण गेला तो भोंगा. भोंगा होता तोवर माणसं एका वेळी, एका वाटेनं, घोळक्यानं घरी येत होती. आता कुणी हमालीला, कुणी यंत्रमागावर रात्रपाळीला, कुणी रिक्षावर, कुणी नुसताच बाहेर. कुणी दुपारी आला, कुणी पहाटे. आम्ही चाळीच्या तोंडाशी उभ्या राहायचो आणि येत कुणीच नव्हतं. आमची सगळी चळवळ त्या भोंग्यावर उभी होती, हे तो थांबला तेव्हा कळलं. फुलाबाई म्हणाली, ‘मेंढरं एका कळपानं आली तरच मोजता येत्यात. इकडं-तिकडं चरायला गेल्यावर काय?’

पुढं काही वर्षांनी मतदान आलं. कायदा झाला होता की वॉर्डातल्या बायकांनी ठरवलं तर दारूचं दुकान बंद होतं. चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. आम्ही घरोघर फिरलो, आडव्या बाटलीवर शिक्का मारा म्हणून. आलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी आडवीच पाडली. पण मोजायचं होतं यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्यानं, आणि यादीत मेलेल्या होत्या, पुण्याला गेलेल्या होत्या, लग्न होऊन दुधनीला, मोडनिंबला गेलेल्या होत्या. न आलेलं प्रत्येक मत उभ्या बाटलीचं झालं. नागव्वाचं नावसुद्धा यादीत होतं, ती दोन वर्षांपूर्वी वारलेली. संध्याकाळी दुकानदारानं पेढे वाटले. एक पेढा माझ्यापुढंही धरला, ‘घ्या मावशी, राग नका धरू.’ मी घेतला नाही. त्याला खवा नव्हे तर साखरेचा वास होता, एवढं मात्र आठवतं. बघा, तो वास अजून आहे.

चाळ पाडली, बिल्डरनं पैसे दिले, सगळे पांगले. फुलाबाई मुलाकडे सांगोल्याला गेली. सिद्रामप्पा गेले. मी महेश्वरबरोबर या फ्लॅटमध्ये आले. इथं समोरासमोर दोन दारं आहेत आणि दोन्ही बंद असतात. आणि इथं, कधी सुरू झालं ते नेमकं नाही सांगता येत, महेश्वरनं संध्याकाळी घरी आल्यावर माझ्यासमोर वाकून ‘हर्र’ म्हणायला सुरुवात केली. तो अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पन्नाशी ओलांडलेला माणूस, डोक्यावर केस राहिले नाहीत. बूट काढतो, माझ्या खुर्चीपुढं वाकतो आणि पोरासारखं म्हणतो, ‘घे अव्वा. हर्रर्र.’ पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो. मग ती घरची रीत झाली. मी डोळे मिटते, श्वास घेते आणि म्हणते, ‘जा, हातपाय धू.’ मला त्यात किती सुख होतं! सगळं गेलं तरी एक रांग शिल्लक होती, एका माणसाची. आपल्या माणसाचा वास आपण घ्यायचा नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण घेणारी दुसरी बाई राहिलीच नव्हती.

आणि मला त्याच्या तोंडाला कसला वास येत होता? पलंगावर बसून मी हे स्वतःला विचारलं आणि उत्तर लगेच आलं. शेंगापोळीचा. आणि पाटीच्या पेन्सिलीचा. 

दोन संक्रांतींपूर्वी फुलाबाई जत्रेला आली होती, तेव्हा आमच्याकडेच उतरणार होती. गुडघे धरून बसली होती सोफ्यावर, पाय वर घेऊन. फ्लॅटला नावं ठेवत होती. ‘शिवम्मा, ह्ये घर हाय का कपाट? ह्यात तुला ठेवून वरनं कुलूप लावत्यात व्हय गं?’ चंद्रिका हसून हसून लोटपोट झाली होती. तेवढ्यात महेश्वर आला, फुलाबाईच्या पाया पडला आणि मग सवयीनं माझ्यासमोर वाकला. हर्रर्र. मी म्हटलं, जा. फुलाबाईचं हसू मावळलं.

‘तू तुज्याच पोराचा घेतीस?’

‘मग कुणाचा घेऊ? तू का इथं हायेस?’

‘बरं हाय,’ ती म्हणाली. ‘घरच्या घरी न्याव.’ आणि तिनं पदर नाकाला लावला. मला वाटलं, सर्दी असेल. जेवायला थांब म्हटलं तर म्हणाली, ‘न्हाय बाई, भूक न्हाय,’ आणि रात्रीसाठी दुसरीकडे, भाच्याकडे गेली. भाकरी न खाता. भाकरी केव्हा नाकारायची, हे चाळीत मी आणि तिनंच मिळून ठरवलं होतं. नंतर मी फोन केला तर तिची सून म्हणायची, झोपल्यात, रानात गेल्यात. गेल्या पावसाळ्यात ती वारली. मी रडले, पण ती माझ्यावर का रुसली होती ते मला कळलं नव्हतं. आज चंद्रिकेनं नाकाला पदर लावला तेव्हा तो हात मला फुलाबाईचा दिसला.

तिला वाटलं असणार, शिवम्माला वास येतोय आणि शिवम्मा ‘जा’ म्हणतेय. पिल्यालं असंल तरी दुधाचा येतोय, हे तिचंच वाक्य. ती तेच घेऊन गेली. आता सांगोल्याला जाऊन कुणाला सांगू की फुले, मला वासच येत नव्हता गं. मी खोटं नाही बोलले. माझं नाक मेलं होतं आणि मला ते कुणी सांगितलं नाही.

की मला हवं तेच येत होतं, म्हणून मी विचारलं नाही? असंही मनात आलं.  खिडकीबाहेर उजेड उतरत होता. चंद्रिकेनं भाकऱ्या थापायला घेतल्या. थापण्याचा आवाज येत होता. माझ्यापेक्षा ती भाकरी पातळ करते. त्या आवाजातच मला वाटलं की अजून हे खरं नसेल. माझं नाक गेलं म्हणजे महेश्वर पितो असं थोडंच आहे? फुलाबाईला सर्दी असेल. चंद्रिका दमलेली असेल. मी आज फक्त डोळे उघडे ठेवीन. एवढंच ठरवलं.

तो आला. बूट काढले, पिशवी ठेवली, ‘काय गं, काय जळलं? अजून करपट येतंय,’ असं चंद्रिकेला उद्देशून म्हणाला आणि माझ्यापुढं वाकला. ‘घे अव्वा.’

मी डोळे मिटले नाहीत.

चाळीच्या तोंडाशी मी शेकडो माणसांचा वास घेतला. न प्यायलेला माणूससुद्धा ‘हर्र’ म्हणताना जरा बिचकायचा. कासम बिचकायचा, ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. टाचा उंचावलेला लहानगा महेश्वर बिचकायचा. समोरच्या नाकाचं भय असायचं. आणि आज तो माझ्या तोंडापाशी तोंड आणून छाती भरून ‘हर्रर्र’ म्हणाला, इतका मोकळा, इतका निर्धास्त, आंधळ्या माणसासमोर कुणी कपडे बदलावेत तसा. त्याचे डोळे लाल होते. आणि ते माझ्याकडे नव्हते. माझ्या डोक्यावरून मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या चंद्रिकेकडे होते. बघ, असं म्हणत होते. आता अव्वा ‘जा’ म्हणेल.

माझं नाक मेलंय हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

‘चंद्रिका,’ मी म्हटलं, ‘मला वास येत नाही.’

 पंखा फिरत होता.

‘म्हणजे?’ चंद्रिकेनं विचारलं.

‘येतच नाही. कशाचाच. दूध जळालं तेव्हा मी झोपले नव्हते.’

‘अव्वा, डॉक्टरला दाखवू की,’ महेश्वर म्हणाला. तो सरळ उभा राहिला होता. ‘वयानं होतं. काय एवढं.’ त्याच्या आवाजात नवल नव्हतं. चंद्रिकेलाही ते ऐकू आलं असणार, कारण तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती पिठाचे हात तसेच धरून माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

‘कधीपासून, अत्ती?’

‘तापापासून असेल. खरंच ठाऊक नाही मला.’

‘मला रोज येतो,’ ती म्हणाली. ‘रोज. आणि रोज तुम्ही जा म्हणता. मला वाटायचं, तुम्हालाही येतोय.’ मग म्हणाली, ‘शेवटी मुलगाच आहे, असं वाटायचं.’

 मी तिचा पिठाचा हात धरला. तिनं तो सोडवूनही घेतला नाही आणि मला धरलंही नाही. महेश्वर सोफ्यावर बसला, मोबाईल काढला, परत ठेवला. ‘जरासं घेतो गं कधीतरी. कारखान्यातली चार माणसं बसतात,’ तो म्हणाला, कुणाला ते कळलं नाही. मान खाली होती. त्या मानेत मला एकदम सिद्रामप्पा दिसले, पायरीवर बसलेले.

चंद्रिका आत गेली. फळीवरून ताट काढल्याचा आवाज झाला. ती महेश्वरचं ताट घेऊन हॉलमध्ये आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. ही गोष्ट तिनं माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मला वाटायचं ती कंटाळली असेल.

‘उंबऱ्याच्या आत ठेवायचं असतं की बाहेर?’

‘बाहेर,’ मी म्हटलं. ‘लोकांना दिसलं पाहिजे.’

तिनं दार उघडलं, चपलांच्या स्टँडशेजारी, फरशीवर, ताट पालथं ठेवलं आणि दार लावून घेतलं. मग आम्ही तिघं बसलो. कुणी जेवलं नाही. भाकऱ्या दुरडीत झाकलेल्या होत्या. जिन्यावरून कुणाकुणाची पावलं गेली. लिफ्ट आली, थांबली, पुन्हा गेली.  आता कुणी थांबेल, आता बघेल, आता समजेल. महेश्वरही ऐकत होता. मी त्याला बघत होते. दाराबाहेर पाऊल वाजलं की त्याचे खांदे आखडत होते, आणि एका क्षणापुरतं मला वाटलं, जमलं फुलाबाई. अजून जमतंय.

बेल वाजली.

मीच उठले. दारात समोरच्या फ्लॅटमधली मुलगी उभी होती, नवीन लग्न होऊन आलेली, बँकेत जाते. नाव मला ठाऊक नाही. तिच्या हातात आमचं ताट होतं.

‘आजी, हे बाहेर पडलं होतं. तुमचंच आहे ना?’

तिनं ते सरळ केलं, ओढणीच्या टोकानं पुसलं आणि हसून माझ्या हातात दिलं.